सफुराच्या डोक्यावरचे माझे दिवस

माझा निळा रंग आता नीट ओळखू येत नाही, मित्रांनो. पण एके काळी मालवणच्या बाजारात मी लांबून दिसलो की लोक म्हणायचे, "सफुरा इली." मी तिचा हिजाब.

कुडाळच्या एका कापडदुकानात मी ताग्यात गुंडाळलेला पडून होतो. कॉलेजात जाणाऱ्या सफुराने मला बोटांत चुरून पाहिलं आणि घरी आणून अम्मीच्या शिवणयंत्रावर माझ्या कडा स्वतः शिवल्या. तिची अम्मी, हमीदा, आयुष्यभर साडीचा पदर डोक्यावर घेत आली होती. तिने मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"आमका पदर पुरलो गो," ती म्हणाली. "ह्या बांधून भायर गेलंस तर लोक बघतले."

"बघूंदेत. नमाजाक उभी ऱ्हवतंय, तशीच माका बाजारातय ऱ्हवाचा आसा. माका कोणी सांगूक नाय, अम्मी."

त्या दिवसापासून मी तिच्यासोबत फिरू लागलो. ती एका दवाखान्यात नर्स झाली. म्हातारे पेशंट विचारायचे, "गरम नाय होत गो?" ती हसून म्हणायची, "तुमच्या टोपयेपेक्षा कमीच!" सगळेच असे नव्हते. एकदा एसटीत ती शेजारी बसताच एका बाईने आपली पिशवी उचलली आणि दुसरी जागा धरली. सफुराचा हात माझ्या पिनेपाशी गेला, थांबला आणि खाली आला. उतरेपर्यंत ती खिडकीबाहेरच पाहत होती. घरी तिने मला रोजच्यापेक्षा हळू सोडवलं.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस बंदरावर उजाडला. सफुरा मासे घ्यायला गेली होती. विमला नावाच्या मासेवालीशी तिची नेहमीप्रमाणे बांगड्यांवरून घासाघीस चालली होती, तेवढ्यात किनाऱ्याला लागणाऱ्या होडीतून आरडाओरडा झाला. होडी ओढायला पाण्यात उतरलेल्या दत्ताराम नावाच्या मच्छीमाराच्या पायाला इंजिनाचा पंखा लागला होता. पोटरीतून रक्ताची धार लागली होती. लोकांच्या खांद्यांवरचे टॉवेल मासळीच्या पाण्याने भिजलेले. कोरडं, स्वच्छ आणि लांब असं तिथे एकच कापड होतं.

सफुराने पिना काढल्या. भरल्या बंदरावर, एवढ्या माणसांत, तिने मला डोक्यावरून उतरवलं.

"पाय वर धरा ह्येचो!" ती ओरडली आणि मला जखमेवर आवळू लागली.

मी रक्ताने भिजत होतो, तरी मला सगळं दिसत होतं. विमला टोपली टाकून धावली, सफुराच्या मागे उभी राहिली आणि आपला पदर सोडून तिने तो तिच्या डोक्यावर धरला. "बांध गो तू. मी आसंय." म्हातारे धोंडू तांडेल गर्दीवर खेकसले, "तोंडा दर्याकडे करा रे सगळ्यांनी!" आणि ते सगळे बाप्ये, खरंच सांगतो, पाठ करून समुद्राकडे पाहत उभे राहिले. रिक्षा येईपर्यंत एकानेही मान वळवली नाही.

दत्तारामचा पाय वाचला. बरा झाल्यावर तो बायकोला घेऊन सफुराकडे आला, नवा हिजाब घेऊन. तो नवा सफुराच्या डोक्यावर गेला आणि मी कपाटात. माझे डाग कितीही धुतले तरी गेले नाहीत. कित्येक पावसाळे मी अंधारात काढले. बाजाराचा गलबला, समुद्राचा वारा, तिच्या केसांना लावलेल्या तेलाचा वास, सगळ्याची फार आठवण यायची.

परवा तिची मुलगी तंजिला कॉलेजसाठी कपडे भरत होती. तिच्या हाताला मी लागलो. सफुराने तिला बंदरावरची गोष्ट सांगितली. तंजिला बराच वेळ माझ्यावरून बोट फिरवत राहिली, मग चाचरत म्हणाली, "अम्मी, मी नाय बांधलंय तर?"

"डोक्या तुझा आसा गो. मी तरी खंय कोणाचा आयकलंय!"

दोघी हसल्या. तंजिलाने मला अंगणात उन्हात पसरलं आणि उघड्या डोक्यानेच ती एसटी पकडायला गेली. मला वाईट वाटलं नाही. तिच्या आईनेही एकदा असंच स्वतः ठरवलं होतं.

मित्रांनो, जुनी कापडं अधूनमधून उन्हाला दाखवत जा, आम्हांला कसर लवकर लागते. आणि वाटेत कुणाच्या डोक्यावर माझी भावंडं दिसली, तर आम्हांलाच पाहत राहू नका. आधी त्या बाईला तिचं नाव विचारा.