ढिली मोळी

"हा सातवा." गर्जे सरांनी मेलेला उंदीर धरावा तसा चार्जर शेपटीला धरून वर उचलला. "जूनपासून सातवा. आणि लॅपटॉप कुणाकडं होता? राजनंदिनी, उभी राहा."

दहावीतली राजनंदिनी उभी राहिली. "सर, म्या काय न्हाई केलं. लावला तर लागंनाच."

"याआधीचे दोन पण तुझ्याच हातात गेले. सोमवारी वडलांना घेऊन यायचं. तोवर लॅबमध्ये पाय ठेवायचा नाही."

दाराशी झाडू घेऊन उभ्या असलेल्या सुंदरबाईंचा झाडू थांबला.

आष्टीजवळचं हे वसतिगृह ऊसतोड कामगारांच्या मुलींचं. जानेवारी सुरू होता, सगळ्यांचे आईबाप फडावर. राजनंदिनीचे सांगलीकडं. "वडलांना घेऊन ये" हे सरांच्या लेखी एक वाक्य होतं, दिवसातून दोनदा म्हणायचं. सुंदरबाईंना त्या वाक्याच्या पुढचं पाठ होतं. ऐन हंगामात फडावरून आलेला बाप रिकाम्या हातानं परत जात नाही. मागच्या साली दोघींचे बाप असेच आले होते. पोरींच्या पेट्या त्यांच्या खांद्यावरून गेल्या, त्या परत काही आल्या नाहीत.

"मावशी, हे सातही सिदूकडं दाखवून आणा," सर म्हणाले. "बघू काही जगतंय का."

सुंदरबाई वसतिगृहात मदतनीस. वय अठ्ठेचाळीस, त्यातले एकोणीस हंगाम ऊस तोडण्यात गेलेले, तीन वर्षं इथं. दर एप्रिलला नेमणुकीची ऑर्डर नव्यानं निघायची, म्हणून मार्चमध्ये त्या जरा जास्तच झाडायच्या. लॅबमधले बावीस लॅपटॉप काढून देणं, परत घेणं आणि चार्जर बांधून कपाटात ठेवणं हे काम त्यांचं, आणि या कामाचा त्यांना अभिमान होता. चार्जरच्या ठोकळ्याभोवती वायर ओढून ओढून गुंडाळायची, शेवटचं टोक वेढ्यांत खुपसायचं आणि वर गुडघा टेकवून एक हिसका द्यायचा. कपाटात बावीस विटा रचल्यासारख्या दिसायच्या. पाहुणे आले की सर कपाट उघडून दाखवत. "आमची शिस्त!" म्हणत. कपाटाचा फोटो अहवालातही छापून आला होता. फोटोत सर होते, विटा होत्या. सुंदरबाई कपाटाच्या दाराआड उभ्या होत्या.

सिदूचं दुरुस्तीचं दुकान बसस्टँडसमोर, टपरीपेक्षा थोडं मोठं. त्यानं सातही चार्जर टेबलावर ओळीनं मांडले, एकेक वाकवून बघितला आणि शीळ घातली.

"मावशी, सगळे एकाच जागी गेलेत. मानंला. ठोकळ्यातून वायर निघती ना, तिथंच."

"पोरी वढत असत्यान."

"वढल्यानं तिकडली पिन हालती." त्यानं ब्लेडनं एका वायरचं काळं कातडं सोललं. आत केसांसारख्या तांब्याच्या तारा, निम्म्या तुटलेल्या. "हे वढलेलं न्हाई, आवळलेलं हाय. रोज मान मुरगाळायची आन रोज सरळ करायची. कोन गुंडाळतंय हे?"

शेजारच्या गाड्यावर चहाला उकळी आली. पोऱ्यानं दोन कप भरले, एक सिदूपुढं ठेवला, एक सुंदरबाईंपुढं.

"मी," त्या म्हणाल्या.

सिदूनं हसू गिळलं. "लई ताकद हाय मावशी तुमच्यात. आता बघा. मानंपाशी एक वेटोळं मोकळं सोडायचं, तिला तान न्हाई द्यायचा. मग बाकीची वायर हातावर घ्यायची, गोल, ती जशी वळंल तशी. आन वर सुती नाडी. गाठ न्हाई, नुसता फास."

"आवळल्याबिगर बसंल कसं? सुटंल की."

"सुटू द्या ना! सुटली तर काय कुनाचा जीव जातोय?"

सुंदरबाईंनी चहा तसाच ठेवला.

आठ वर्षांपूर्वीचा फड. अंगात ताप होता, बोटांत जोर नव्हता. त्यांनी बांधलेली मोळी रामकिसननं, त्यांच्या नवऱ्यानं, डोक्यावर घेतली आणि तो ट्रकला लावलेल्या फळीवर चढला. निम्म्यात मोळी सुटली. ऊस एकीकडं, रामकिसन एकीकडं. तेव्हापासून त्याचा डावा पाय त्याचं ऐकत नाही. तो घरी ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करतो. फळी ओली होती, असं मुकादमानं ठरवलं. सुंदरबाईंनी ते ठरू दिलं. रामकिसनही आजपर्यंत फळीलाच शिव्या देतो. पण त्या दिवसानंतर त्यांनी हाताखाली आलेलं काहीच ढिलं बांधलं नाही. सरपण नाही, भाकरीचं फडकं नाही, पोरीची वेणी नाही. मुलगी सासरी गेली तेव्हा म्हणाली होती, आता डोकं दुखायचं थांबंल.

"ह्यातले चार हुतील दोन दिसात," सिदू म्हणाला. "सरांना काय सांगू? फोन करू का?"

"नको. मीच सांगते."

त्या परतल्या तेव्हा सर लॅबमध्येच होते. राजनंदिनी दाराबाहेर भिंतीला टेकून बसली होती, वही मांडीवर, पण लिहीत काही नव्हती.

"ऊठ, आत चल," सुंदरबाई तिला म्हणाल्या.

"सर रागवत्याल, मावशी."

"त्यांना आता दुसरं मानूस घावनार हाय रागवायला. चल."

आत जाऊन त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. "सर, पोरीच्या बापाला बोलवू नका. चार्जर तिनं न्हाई मोडले. म्या मोडले. आवळून आवळून. सिदूनं दावलं मला."

सर आधी हसले. मग त्यांनी कपाटातली एक वीट काढून मान बघितली. दुसरी बघितली. भिंतीवर अहवालातला फोटो मोठा करून लावलेला होता, त्याच्याकडं बघायचं त्यांनी टाळलं. शिस्त आमची म्हटल्यावर हिसकाही थोडा आपला निघतो, एवढं कळण्याइतका माणूस चांगला होता.

"तुम्ही सांगितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं," ते म्हणाले.

"मला कळलंतं ना."

"मावशी, एप्रिलमध्ये तुमच्या ऑर्डरवर मलाच शेरा लिहायचाय. काय लिहू?"

"जे हाय ते लिवा."

सरांनी हातातल्या पेनाचं टोपण उघडबंद केलं. "राजनंदिनी, बाळा, बस तुझ्या जागेवर. वडलांना राहू दे." मग खाली बघत म्हणाले, "मावशी, उद्यापासून तुम्ही स्वयंपाकघरात. लॅबची किल्ली ऑफिसात द्या. एप्रिलचं... एप्रिलला बघू."

"देते. तेवढे पंधरा नीट बांधून जाते."

त्यांनी पिशवीतून सुती पातळाचं जुनेर काढलं आणि टराटरा पंधरा पट्ट्या फाडल्या. राजनंदिनी शेजारी येऊन बसली. पहिला चार्जर सोडताना वायर इतक्या घड्या पडलेली निघाली की पोरगी म्हणाली, "मावशी, हिची तर वेनी घातल्यागत झालीय."

"गप बस. मानंपाशी मोकळं सोड. हां. आता हातावर घे. तिला वळायचं तिकडं वळू दे, तू नको वळवू."

"असं?"

"आसं."

पोरीला दुसऱ्याच चार्जरला जमलं. सुंदरबाईंची बोटं मात्र दर वेढ्याला आपोआप आवळायला जायची. दोनदा त्यांचा गुडघाही उचलला गेला. राजनंदिनीनं दोन्ही वेळा तो बघितला आणि न बघितल्यासारखं केलं.

कपाटाच्या आत खिळ्यांची जुनी रांग होती. पंधरा चार्जर एकेक करून तिथं लागले. शेवटचा सुंदरबाईंनी स्वतः लावला. हलका फास, सैल वेटोळं, कुठंच ताण नाही. तो खिळ्यावर थोडा हेलकावला.

त्याच्याखाली त्यांनी तळहात धरला होता. चार्जर स्थिर झाला. तरी त्यांनी हात लगेच काढला नाही.