मुकादमाचा शब्द

त्या बाइंडिंगच्या कारखान्यात एक रीत होती. नवं काम कितीही घाईचं असो, मुकादमाने शब्द दिल्याशिवाय कुणी सुईत दोरा ओवायचा नाही. मालक तीन झाले, रीत मोडली नाही. नव्या साहेबांच्याही ती ध्यानात आली. माणूस पक्का बेरकी.

"सोमवारी पाहुणे येतायत, मुकादम. नवा प्रकल्प आहे. शब्द तुम्हीच द्या, पण इंग्रजीत."

मुकादम अंगावर मूठभर मांस चढल्यासारखा घरी आला. प्रकल्प कसला, हे विचारलंच नाही. विचारलं तर आपलं अडाणीपण उघडं पडेल, असं त्याला वाटलं. स्वयंपाक करता करता सुनेने धडा दिला.

"गेट द बॉल रोलिंग. म्हणजे कामाचा श्रीगणेशा करा, बाबा."

"मग यात चेंडू कशाला?"

"त्यांची म्हण आहे ती. आपण नाही का नमनालाच घडाभर तेल घालत?"

दोन दिवस त्याने आंघोळ करतानाही घोकंपट्टी केली. बोबडी वळू नये, एवढीच काळजी.

सोमवारी हाताने पुस्तकं शिवणाऱ्या सातही बायका दाराशी उभ्या राहिल्या. त्यांत त्याची धाकटी बहीण होती. तिचा नवरा गेल्यावर त्यानेच तिला या कामाला लावलं होतं, त्याला एकवीस वर्षं झाली. साहेबांनी खूण केली. मुकादम उठला आणि न अडखळता बोलला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, दारातूनही वाजल्या.

मग कारकुनाने कागद वाचला. शिलाईचं यंत्र गुरुवारी येणार. हातशिलाई आजपासून बंद. सातही जणींनी हिशेब घेऊन जावं.

"अहो साहेब, हे मला..."

"मुकादम, शब्द तुमचाच आहे," साहेब हसून म्हणाले.

इतकी वर्षं त्याच्या शब्दावर कामाला लागलेल्या बायका त्याच्याच शब्दावर सुया डबीत भरू लागल्या. मुकादमाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आजवर त्याला कुणी फसवलं नव्हतं, आणि आज फसवलं ते त्याच्याच तोंडाने.

बहीण पिशवी घेऊन जवळ आली. ती रागावली असती तर त्याला सोसलं असतं.

"दादा, काय बोललास ते मला कळलं नाही रे," ती म्हणाली. "पण केवढं छान बोललास! सगळ्यांच्या आधी मीच टाळी वाजवली."