पाडव्याचा राहिलेला उत्तररंग

कीर्तनात पूर्वरंग संपला की बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, श्रोते जरा पाय मोकळे करतात आणि मग उत्तररंगात आख्यान सुरू होतं. हार घातलेले बुवा आख्यान न सांगताच खाली बसले, असं मी आयुष्यात एकदाच पाहिलं, आणि ते माझ्यामुळे झालं.

ते बुवा म्हणजे आमचा शशिकांत. नागपूरचा, वय बत्तीस, व्हिसावर अमेरिकेत आलेला सॉफ्टवेअरवाला. कीर्तन आजोबांकडून शिकलेला. मी त्याच्याहून वीस वर्षांनी मोठा. मिशिगनमधल्या नोव्हाय गावी गाड्यांच्या ब्रेकच्या कंपनीत जन्म गेला, पण जीव पेटीत. दोन वर्षं तो उभा राहायचा आणि मी त्याच्यामागे पेटी धरायचो. माझ्यासारख्याला परदेशात याहून मोठं सुख देवाने काय द्यायचं?

२००३ चा गुढीपाडवा बुधवारी आला, म्हणून मंडळाने कार्यक्रम रविवारी ठेवला. शाळेचा हॉल, चार ते सहा. शशीने मुद्दाम स्वतः आख्यान रचलं होतं. देवळातला म्हातारा नगारची पहाटे झोपून राहतो, तरी काकड्याला नगारा वाजतो. तो देवानेच वाजवलेला असतो. गाव म्हाताऱ्याचं कौतुक करतं, आणि मग त्याला सगळ्यांसमोर सांगावं लागतं की मी नव्हतो. आमच्या बेसमेंटमध्ये आम्ही ते आठ वेळा बसवलं. शेवटाला माझे डोळे आठही वेळा भरले.

नेमक्या त्याच रविवारी, उन्हाळ्यासाठी दरवर्षी करतात तशी, अमेरिकेतली घड्याळं एक तास पुढे गेली, आणि आमच्या देवघरातलं आणि गाडीतलं घड्याळ मी पुढे करायला विसरलो. दिवसभर त्याच घड्याळांवर चाललो. माझी बायको रत्ना प्रसादासाठी सकाळीच गेली होती. शशीची बायको सुनेत्राही त्यांची गाडी घेऊन हॉलवर. शशी पगडी-अंगरखा चढवून माझी वाट बघत बसला. त्याने फोन केले तेव्हा मी खाली पेटी वाजवत होतो. त्याला घेऊन हॉलवर पोचलो तर पाच वाजलेले. मुलं कंटाळलेली, मोठी माणसं चिडलेली. मंडळाचे अध्यक्ष प्रताप माइकवर म्हणाले, “बुवांना यायला जरा उशीर झाला.”

मी पेटीचा भाता उघडत होतो. मान वर केली नाही.

शशीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि श्रोत्यांना हात जोडले, “क्षमा असावी.” पूर्वरंग झाला, हार घातला, आणि हॉल बंद करणारा माणूस किल्ल्या घेऊन दारात उभा राहिला. आख्यान राहिलं. बुवा फार भाव खातात, असं पुढे कुणीकुणी बोललं. मंडळाने त्याला पुन्हा बोलावलं नाही. जूनमध्ये त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, न्यू जर्सीत एडिसनला नवं मिळालं, तो गेला. मी आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो.

दिवाळीत शनिवारी लक्ष्मीपूजन आटोपलं आणि मंडळातल्या संजयचा शुभेच्छांचा फोन आला. त्यातच तो म्हणाला, शशीचं तिकडचंही काम गेलं, उद्या सकाळी बाडबिस्तरा घेऊन नागपूरला निघालाय, विमानतळावर न्यायला साडेआठला व्हॅन येणार आहे. मी लगेच शशीला फोन लावला. तो नेहमीसारखाच गोड बोलला, नागपूरला या म्हणाला. मी म्हटलं, सांभाळून जा. फोन ठेवला.

रत्नाला घड्याळाचं सगळं ठाऊक होतं. तिने पूजेतलं निरांजन सरळ केलं आणि म्हणाली, “एवढंच बोलायला फोन केला होतात?”

“फोनवर नाही जमत गं.”

“मग गाडी काढा.”

सहाशे मैल. मी हिशेब सांगू लागेपर्यंत तिने थर्मासमध्ये चहा भरला, चिवड्याचा डबा घेतला, ओवाळणीचं तबक कागदात गुंडाळलं. उद्या दिवाळीचा पाडवा होता, नवऱ्याला ओवाळायचं ती कुठेही चुकवणार नव्हती. पेटी मी मागच्या सीटवर ठेवली आणि तिला पट्टा लावला. साडेनऊला निघालो.

ओहायो संपेपर्यंत रत्नाने चालवलं आणि माझ्याकडून माफीचा पाठ करून घेतला. मी म्हणायचो, शशी, चूक माझी होती, पण त्या दिवशी धांदल फार होती. ती म्हणायची, यातली धांदल काढा. मी म्हणायचो, चूक माझी, पण प्रतापनेही विचारायला हवं होतं. ती म्हणायची, प्रतापला काढा. पुढे मी चालवायला घेतल्यावर झोप येऊ नये म्हणून आम्ही नामाचा गजर करायचो. ती टाळ्या वाजवायची, मी स्टिअरिंगवर ठेका धरायचो. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत असं धुकं उतरलं की ट्रकचे दिवेसुद्धा दिसेनात. तीन तास तीसच्या वर काटा गेला नाही. फोनची बॅटरी संपली, चार्जर घरी. उजाडलं तेव्हा न्यू जर्सी लागलं होतं आणि माझ्या माफीत एकच वाक्य उरलं होतं.

गाडीतल्या घड्याळात साडेआठ झाले तेव्हा एडिसन पंधरा मिनिटांवर होतं. मी गाडी बाजूला घेतली. म्हटलं, गेला तो.

“रिकामं घर तर रिकामं घर,” रत्ना म्हणाली. “दारात उभे राहून बोला. चला.”

पोचलो तर जिन्याखाली सात बॅगा रचलेल्या. सुनेत्रा पायरीवर बसून लेकीची, अनयाची, वेणी घालत होती. आम्हाला बघून तिचा हात थांबला. अनयाने वर ओरडून सांगितलं, “बाबा, पेटीकाका इज हिअर.”

शशी धावतच खाली आला. मी गाडीतून पुरता उतरलोही नव्हतो.

“शशी, गुढीपाडव्याला उशीर माझ्यामुळे झाला आणि मी गप्प बसलो.”

तो वाकून गाडीत डोकावला आणि हसायलाच लागला. “दादा, तुमचं घड्याळ आज एक तास पुढे आहे. हिवाळ्यासाठी रात्री दोनला सगळीकडे मागे केलं. पावणेआठ झालेत फक्त.”

रत्नाने कपाळावर हात मारला.

“एप्रिलमध्ये एक तास मागे होतं,” तो म्हणाला. “हॉलवर जाताना मी तेव्हाच बघितलं.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुम्ही बोलाल म्हणून थांबलो,” तो म्हणाला. हसू मावळलं होतं. “फार दिवस लावले तुम्ही. वाईट वाटलं मला.”

मी दार उघडून पेटीचा पट्टा सोडला.

वरची खोली रिकामी होती. निरोप द्यायला आलेले शेजारी गालिच्यावर बसले. रत्नाने पूजेच्या हारातली शेवंती सोडवून त्याच्यापुढे धरली, तर तो म्हणाला, हार एप्रिलमध्येच घातलाय, आता सरळ उत्तररंग. जीन्सवरच उपरणं घेतलं, पगडी बॅगेत गेली होती. मी सूर धरला.

असं आख्यान मी पुन्हा ऐकलं नाही. नगारची धडपडत देवळात आला, आणि नगारा घुमताना ऐकून उंबऱ्यावरच बसला, तेव्हा एक गुजराती आजी पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या. शेवटी म्हातारा गावासमोर उभा राहतो, तिथे शशीने हात वर करून मला थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. ‘मी नव्हतो’ हे वाक्य नेहमी त्याचं असायचं. त्या दिवशी ते मी म्हटलं. खणखणीत म्हटलं, आवाज मध्येच फाटला तरी.

आरतीला निरांजन नव्हतं, म्हणून ओवाळणीचंच पुढे आलं. मग रत्नाने मला ओवाळलं, सुनेत्राने शशीला, आणि खाली व्हॅनचा हॉर्न वाजला. निघताना त्याने मला मिठी मारली. आजोबांच्या देवळात माघात सात दिवस कीर्तन करायचं ठरलंय, म्हणाला. पेटीवाला मात्र तिथला धीट नाही.

“मी फेब्रुवारीत येतो,” मी म्हटलं. “तिकीट काढूनच फोन करीन.”

व्हॅन वळल्यावर मी शेजाऱ्यांचा फोन मागून प्रतापला उठवलं. पुढच्या शनिवारी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम त्याच हॉलमध्ये होता. मला सुरुवातीला माइकवर पाच मिनिटं द्या, म्हटलं. त्यांनी जांभई देत विचारलं, कशासाठी.

“सगळ्यांना एक सांगायचं राहिलंय,” मी म्हणालो. “आणि वेळेवर सुरू करा. मी आधीच येऊन बसतो.”