खरं-खोटं विचारायचं नाही

नांदेडहून लातूरला येईस्तोवर ऋतुजाने एसटीत किती जागा बदलल्या, कंडक्टरलाच ठाऊक. खिडकीशी ऊन, मागे गचके, पुढे कुणाच्या तरी मोबाईलवर गाणी. खरं तर दोष जागेचा नव्हता. जर्मनीतल्या एका विद्यापीठाने तिला संशोधनासाठी बोलावलं होतं, होकार आज संध्याकाळपर्यंत कळवायचा होता, आणि लातुरात एकटीच्या जिवावर विद्यार्थ्यांची मेस चालवणाऱ्या आईला तिने यातलं अवाक्षर सांगितलेलं नव्हतं. हैदराबादेत जर्मनचं एम.ए. करणारी, प्राध्यापकांपुढे घडाघडा बोलणारी पोर. आईपुढे मात्र तिची दातखीळ बसायची. आई आजारी पडली की ती हैदराबादहून रातोरात येऊन मेस सांभाळायची; जर्मनीहून ते जमणार नव्हतं.

निमित्त तिच्याकडे होतं. जर्मन वाक्यात ‘नाही’ कुठे बसतं आणि त्याने अर्थ कसा हलतो, हा तिच्या प्रबंधाचा विषय. तुलनेला घरची मराठी हवी, म्हणून ती वाक्यं घेऊन माणसांना विचारत फिरत होती, हे कानाला बरं वाटतं का? काम सोपं, माणसं अवघड. उदाहरणात घरचीच नावं घालायची तिला खोड होती आणि ती नांदेडात नडली. ‘किशनरावांनी बैल विकला नाही,’ हे वाक्य ऐकताच शिवकांतामावशीने थेट मुखेडला शेतावर गेलेल्या नवऱ्याला फोन लावला. बैल विकायचं घाटत होतं आणि मला सांगितलं नाही, एवढाच अर्थ तिने काढला. बिचारे किशनराव शपथा घेत बसले.

ऋतुजा घरी पोचली तेव्हा दुपारची पंगत उठली होती. तिची आई सिंधु परातीत संध्याकाळची कणीक भिजवत होती.

“आई, वाक्य सांगते. खरं का खोटं ते विचारायचं नाही. फक्त कानाला कसं वाटतं ते सांग.”

“सांग की.”

“सगळी पोरं जेवली नाहीत.”

सिंधुचे हात थांबले. “कोण राह्यलं गं?” म्हणत ती उठली आणि भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढून बघून आली.

“कुणी नाही राहिलं. नुसतं वाक्य आहे, आई.”

“उपाशी पोराचं वाक्य कामून करतीस? दुसरं कर.”

ऋतुजा हसली, पण हसू टिकलं नाही. तहान नसताना पाणी प्यायली. दारापर्यंत जाऊन परत आली. सरळ विचारावं तर जीभ रेटेना. मग तिने पळवाट काढली आणि त्याची तिला तेव्हाच लाज वाटली. कुठल्याच यादीत नसलेलं वाक्य ती भिंतीकडे बघत बोलली.

“ऋतुजा जर्मनीला गेली, तरी मेस बंद पडली नाही.”

सिंधुने कणकेवर पाण्याचा हबका मारला. बराच वेळ ती मळत राहिली.

“हे पुस्तकातलं हाय?”

“नाही. मी केलंय.”

“कधी जायचंय?”

“दिवाळीआधी. आज कळवावं लागतंय.”

“आन् आज सांगून राहिलीस.”

ऋतुजाने पिशवीतून फोन काढला. बाहेर कुणीतरी सायकल लावली. क्लासहून लवकर सुटलेली पोरं यायला लागली होती. आणखी थोड्या वेळात घर भरलं असतं आणि बोलणं राहूनच गेलं असतं.

“कानाला कसं वाटलं ते तरी सांग,” ती कशीबशी म्हणाली.

“कानाला चांगलं हाय. कळव त्यांना, येते म्हणून.”

सकाळपासून हेच ऐकायला ती तडफडत होती. आता ऐकलं तर तिला आईचा रागच आला. भांडली असती, रडली असती, जाऊ नको म्हणाली असती, तर बरं झालं असतं. हातात फोन घेऊन ती तशीच उभी राहिली.

“पण ते खरं आहे का, आई?”

सिंधुने कणकेवर ओलं फडकं पसरलं आणि त्याचे कोपरे नीट बसवले.

“ते इचारायचं न्हाई, तूच म्हनलीस ना.”