मुठीएवढा वैमानिक

"आधी बाहुला बघून घे, मग लोळ मातीत," डॉक्टर म्हणाले.

फोटोवाल्याने चष्मा कपाळावर चढवला आणि पिवळ्या विमानात डोकावून पाहिलं. दोन हात लांबीच्या त्या विमानात मुठीएवढा वैमानिक बसला होता. दातांच्या साच्याला वापरतात त्या मेणातून कोरलेला. बसलेले गाल, जाड मिशी, नकटं नाक.

"अहो, हा तर मी!"

"मग काय मी? माझं नाक बघ की जरा!"

दाढा उपटण्यात डॉक्टरांचा जन्म गेला होता आणि ओळखपत्रांचे फोटो काढण्यात फोटोवाल्याचा. पण वीस वर्षं दर रविवारी डॉक्टर या माळावर रिमोटने विमान उडवायचे आणि हा ते असं टिपायचा, की बघणाऱ्याने विचारावं, कुठल्या विमानतळावरचं? कॅमेरा जमिनीलगत, चौकटीत गवताचं पातंही नको. पातं दिसलं की विमानाचं खेळणं झालंच. खऱ्या विमानात मात्र तो कधी बसला नव्हता. आधी संसाराने जाऊ दिलं नाही, मग हृदयाने.

उद्या डॉक्टर लेकीकडे निघाले होते, कायमचे. विमानं खोक्यांत बसली होती. हे एकच बाहेर होतं.

"तीन फेऱ्या मारतो. पुढे तेल नाही."

फोटोवाला पोटावर पडला. शटर झटकन मिटलं तर मिशीसुद्धा उमटेल, पण विमानाच्या नाकावरचा फिरता पंखा जागच्या जागी गोठेल. शटर सावकाश ठेवलं तर पंख्याचं धूसर चक्र होईल, विमान खरं वाटेल. पण मग विमानाबरोबर कॅमेरा अलगद वळायला हवा. आणि वर्षभर त्याचे हात थरथरत होते.

पहिल्या फेरीला त्याने शटर सावकाश ठेवलं. सगळाच पिवळा रंग फासल्यासारखा झाला. दुसऱ्या फेरीला घाबरून शटरचा वेग वाढवला.

"आला का चेहरा?" आभाळावरची नजर न काढता डॉक्टरांनी विचारलं.

"आला. मिशीसकट."

"मग झालं तर! उतरवू?"

फोटोवाला कॅमेऱ्यात बघत राहिला. चेहरा अगदी स्वच्छ होता. लाकडी घोड्यावर बसवलेल्या पोरासारखा तो थांबलेल्या पंख्यामागे बसला होता.

"नका उतरवू. शेवटची फेरी मारा."

"हात हलेल रे तुझा."

"हलू दे."

त्याने शटर पुन्हा सावकाश केलं, कोपरं मातीत रुतवली आणि श्वास रोखून धरला.

संध्याकाळी बायकोने तो मोठा केलेला फोटो खिडकीशी नेला. चष्म्याच्या आतून पाहिला, वरून पाहिला.

"बाई, किती खाली आलंय! कुणाचं हो हे?"

"आहे एकाचं."

"आणि आत कोण?"

काचेमागे नुसता करडा डाग होता, किंचित पुढे वाकलेला.

"नाही ओळखू येत," तो म्हणाला.

ती डागाकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे. मग फोटो पदराने पुसून तिने त्याच्या हातात दिला.

"एवढ्या उन्हात टोपी तरी घालून जायचं होतं," म्हणाली आणि दिवा लावायला आत गेली.