नववा रंग डाळिंबी

सदाशिवाच्या कॉम्प्युटरला आठ रंग होते, असं पुस्तकात छापलं होतं. पुस्तक यंत्राबरोबर आलेलं, म्हणजे सदाशिवाचंच. पण अठ्ठ्याऐंशी साली बाळाचार्यांनी वाचायला नेलं ते परत आलं नाही.

दोघे तेव्हा गोकुळ रोडवरच्या एका पंपाच्या कारखान्यात होते. सदाशिव वायरमन, बाळाचार्य तपासणी खात्यात. त्यांचा शिक्का बसल्याशिवाय पंप फाटकाबाहेर जात नसे, आणि जे कागदावर नाही ते जगात आहे हे त्यांना पटत नसे.

मेव्हण्यानं मस्कतहून आणलेलं ते यंत्र टीव्हीला जोडायचं आणि कॅसेटवरून प्रोग्रॅम चढवायचा. आठच रंग, त्यातलाही एक काळा. सदाशिवाला डाळिंबी हवा होता. तो त्याला बायकोच्या इरकलीत सापडला. उभा धागा तांबडा, आडवा जांभळा, आणि चार हातांवरून बघावं तर लुगडं डाळिंबी. टीव्हीवरचं चित्र सेकंदाला पन्नासदा उमटतं. सदाशिवानं प्रोग्रॅम असा लिहिला की एकदा तांबडं उमटेल, एकदा जांभळं. डोळ्याला तेवढा दम कुठला? तो दोन्हींची मोट बांधतो आणि डाळिंबी म्हणून मोकळा होतो.

"आठ म्हणजे आठ," बाळाचार्य तेव्हा म्हणाले, ते आजतागायत.

आता सदाशिव शहात्तर वर्षांचा. मळमड्डीच्या घरात यंत्र अजून धड होतं, पण शेजाऱ्यांच्या नव्या सपाट टीव्हीला जोडलं की नुसती लुकलुक. जुना टीव्हीच लागायचा, आणि त्याची पिक्चर ट्यूब घटका मोजत होती. ती जायच्या आत बाळाचार्यांच्या तोंडून 'पास' ऐकायचं, एवढं एकच त्याचं राहिलं होतं.

बोलावल्यावर बाळाचार्य आले आणि त्यांनी मोबाइल काढून डोळ्यांपुढे धरला. मोतीबिंदू वाढल्यापासून ते सगळं मोबाइलमधूनच मोठं करून बघत, भाजीसुद्धा.

"पट्टे आहेत. वर तांबडा, खाली जांभळा. डाळिंबी इल्ल, नाहीच."

"तो खाली ठेव, बाळण्णा. मोबाइल डोळ्यासारखा फसत नाही."

"म्हणजे फसायला बोलावलंस होय मला?"

तरी त्यांनी तो ठेवला आणि बराच वेळ बघितलं.

"डाळिंबी दिसतंय."

सदाशिव खुर्चीतून अर्धा उठला.

"पण तुझा सदराही तसाच दिसतोय." सदरा पांढरा होता.

सदाशिवाची बायको कुसुम चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "आचार्य, आधी डोळे करून घ्या. मग काय ते भांडा."

त्यांची मुलं दोन वर्षं विनवत होती, पण डॉक्टर लेखी हमी देत नाहीत म्हणून बाळाचार्यांनी ऑपरेशन टाळलं होतं. सदाशिवाला खोटं पाडायचं म्हटल्यावर आठवड्यात तयार झाले. डोळे बरे होईपर्यंत सदाशिवानं टीव्हीवर चादर घातली आणि महिनाभर बातम्या शेजारी जाऊन ऐकल्या.

बाळाचार्य नव्या डोळ्यांनी आले ते पुस्तक घेऊनच. चादर निघाली, टीव्ही कुरकुरत उजळला. त्यांनी जवळून बघितलं, लांबून बघितलं, एक डोळा झाकूनही बघितलं.

"डाळिंबी आहे," शेवटी म्हणाले. "पण थरथरतंय."

"तुमचे दोघांचे हात थरथरतात," कुसुम म्हणाली, "त्या रंगाला कशाला नावं ठेवता?"

"मग पास म्हण," सदाशिव म्हणाला. "आणि पुस्तकात लिही."

बाळाचार्यांनी रंगांचं पान उघडलं. आठ नावं एकाखाली एक होती. कुसुमनं चष्मा लावून वाकून पाहिलं.

"आठव्याखाली कागद घासलाय, अहो. कुणीतरी नऊ लिहून खोडलंय."

बाळाचार्यांनी कपातला चहा संपवला. मग रिकाम्या कपातलाही एक घोट घेतला.

"अठ्ठ्याऐंशीतच दिसला होता," ते म्हणाले.

"आणि इतकी वर्षं मला वेड्यात काढलंस?"

"खात्यात होतो रे सद्या. पुस्तकात नाही ते पास केलं असतं, तर उद्या पंपाचंही तसंच चाललं असतं."

"आता कुठं खात्यात आहेस?"

"तेही खरंच."

सदाशिवानं पेन पुढे केलं. बाळाचार्यांनी ते बाजूला ठेवलं, खिशातून आपली पेन्सिल काढली आणि घासलेल्या जागी बारीक अक्षरात नऊ लिहिलं.