मनगटावरचा खडा आणि दुसरी खुर्ची

टोस्टरने खाडकन पाव वर फेकला, तशी ब्रॉनी दचकली. स्वयंपाकघराच्या शांततेत तिचा उभ्या उभ्याच डोळा लागला होता.

"आई, तू पण खडा बांध की," सहा वर्षांची ईडी म्हणाली. "मग माणूस पेंगत नाही म्हणे."

गावात सध्या खड्याशिवाय विषयच नव्हता. गाव समुद्रकाठचं, तांबं वितळवणाऱ्या भट्टीवर जगणारं. भट्टीच्या कंट्रोल रूममध्ये पूर्वी दोन खुर्च्या असत. एकाने दिवे बघायचे, दुसऱ्याने फोन घ्यायचे. मॅनेजर ग्रॅहमने दुसरी खुर्ची उचलली आणि दिवे, फोन, सगळंच ब्रॉनीच्या गळ्यात पडलं. खाली भट्टीच्या तोंडाशी तिचा नवरा डॅरल उभा असायचा. भट्टी गार ठेवणारं पाणी गळून वितळल्या तांब्यात गेलं, तर स्फोट. त्याआधी एक तांबडा दिवा लागतो. मागच्या आठवड्यात दोन्ही कानांना फोन असताना तो तिला उशिरा दिसला होता. डॅरल थोडक्यात वाचला. त्यावर ग्रॅहमने शोधलेला उपाय म्हणजे थकवा पळवणारे खडे मनगटाला बांधत फिरणारा लिंडन स्पॅरो.

शनिवारी फुटबॉल क्लबचा हॉल खच्चून भरला. दाराशी सॉसेज आणि कांदा परतल्याचा खमंग वास, आणि स्टेजवर अनवाणी, पांढऱ्या सदऱ्यातला लिंडन.

"मित्रांनो, थकवा हा भ्रम आहे! मेंदू थकत नाही, मेंदू गंजतो. सागराच्या पोटातला हा खडा तो गंज खातो!"

"मग माझ्या गाडीला पण एक बांध रे!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

लिंडनने क्रेनवाल्या नेव्हिलला दिव्यांच्या फळीसमोर बसवलं. तांबडा दिवा लागला की घंटी वाजवायची. पहिली फेरी खड्याविना. लिंडन त्याच्या कानाशी सुरू झाला, "लग्न कधी झालं? तारीख सांग. बायकोचा वाढदिवस? सासूचा?" नेव्हिलला घाम फुटला. निम्मे दिवे हुकले.

मग मनगटाला खडा बांधला. लिंडनने डोळे मिटले, ओठांवर बोट ठेवलं. हॉल चिडीचूप. नेव्हिलने एकूण एक दिवा टिपला. टाळ्यांनी पत्रे हादरले.

"बघा! आता एक माणूस दोघांचं काम करील!" ग्रॅहम खुलला.

ईडीने ब्रॉनीची बाही ओढली. "आई, हा दादा आत्ता गप्प का बसला होता?"

ब्रॉनीची नजर खड्यावरून लिंडनच्या तोंडावर गेली. मग उठून थेट स्टेजवर गेली.

"लिंडन, खडा राहू दे त्याच्या हातात. बडबड मात्र मी करते."

"ताई, ऊर्जा बिघडेल..."

"बिघडू दे. नेव्ह, गेल्या मोसमात आपण कुणाकुणाकडून हरलो? क्रमाने सांग."

"अगं, एकच सामना का हरलोय आपण!" नेव्हिल बोटं मोजू लागला. फळीवर तांबडा दिवा लागला, विझला. पुन्हा लागला, विझला. घंटी मुकी. मग ब्रॉनीने खडा काढून खिशात टाकला आणि स्वतः गप्प झाली. नेव्हिलने सगळे दिवे टिपले.

हॉलमध्ये आधी कुजबुज, मग हसू. लिंडन चपला शोधू लागला. अनवाणी आलाय, हे बिचारा विसरलाच.

ब्रॉनी हसली नाही. "खड्यात काही नाही. लक्ष म्हणजे एक ओंजळ. तिच्यात मावेल तेवढंच मावतं. जास्त ओतलं की सांडतं, मग मनगटाला खडा बांधा नाही तर अख्खा डोंगर. ग्रॅहम, माझी नजर कमजोर नाही, तिथे माणूस कमी आहे. दुसरी खुर्ची परत आण."

"बरोबर बोलतेय ती!" नेव्हिल म्हणाला. इतरांनी बाकं वाजवली.

ग्रॅहमने घसा साफ केला. "मुद्दा रास्त आहे. वरच्यांच्या कानावर घालतो. पुढच्या तिमाहीत नक्की विचार होईल."

लोक पांगले. डॅरल सोमवारच्या पाळीबद्दल कुणाशी तरी बोलत दाराशी थांबला होता. ब्रॉनीने ईडीला कडेवर घेतलं.

"आई, पुढची तिमाही म्हणजे लांब असते?"

"असते थोडी."

"मग तोपर्यंत बाबा भट्टीपुढे उभे राहणार नाहीत ना?"